अण्णांनी घातलेली नावं

आज भाद्रपद वद्य अष्टमी, अण्णांची तिथी. दरवर्षी या दिवशी त्यांच्याबद्दल लिहायचं मनात येतं आणि खीर-वड्यांच्या धांदलीत राहून जातं. आज कावळा लवकर शिवला, जेवणं वेळेत झाली, म्हणून बसलोय.

अण्णा म्हणजे माझे आजोबा. नाशिकच्या भांडी बाजारात एका दुकानाच्या ओट्यावर बसून ते भांड्यांवर नावं घालायचे. उभं आयुष्य तेच केलं. एके काळी नाशिकच्या तांब्यापितळेच्या भांड्यांना लांबलांबून गिऱ्हाईक यायचं. लग्नसराईत तर ओट्यासमोर हंडे, कळशा, परातींची रांग लागलेली असायची. दुकानदार भांडं विकायचा आणि म्हणायचा, "अण्णांकडून नाव घालून घ्या."

शाळेला सुट्टी असली की मी त्यांच्या शेजारी बसायचो. मांडीवर पोत्याची घडी, तिच्यावर भांडं आडवं धरलेलं. डाव्या हाताच्या चिमटीत करंगळीएवढी छिन्नी, उजव्या हातात छोटी हातोडी. अक्षर एका रेघेत कधीच उमटत नसे. बारीक बारीक घाव एकापुढे एक पडत जायचे आणि त्यांचीच रेघ व्हायची. जोर जास्त झाला तर पत्र्याला पोचा, कमी झाला तर चार वर्षांच्या घासण्यात अक्षर पुसट. आधी सगळी अक्षरं उभी करायची आणि शिरोरेषा शेवटी, डावीकडून उजवीकडे एका दमात. ती ओढताना अण्णा श्वास रोखून धरायचे. तेवढा वेळ मीही गप्प.

शिक्षण चौथीपर्यंत. पण घातलेलं नाव खोडता येत नाही, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाची त्यांना फार काळजी. गिऱ्हाइकाला कागदावर लिहून द्यायला सांगायचे. लिहिता न येणाऱ्या बाईला दोनदा नाव उच्चारायला लावायचे, मग स्वतः कागदावर लिहून मोठ्याने वाचून दाखवायचे, आणि ती "हो, असंच" म्हणाली की छिन्नी उचलायचे. अडलं तर संध्याकाळी सार्वजनिक वाचनालयात जाऊन कुणा जाणत्याला विचारून यायचे. हे वाचनालय 1840 सालचं, याचा त्यांना असा अभिमान की जणू घरच्याच कुणी काढलंय!

पैसे अक्षरामागे असत. काना-मात्रा धरायच्या नाहीत, आणि 'कै.' लिहिलं तर त्याचे घ्यायचे नाहीत. हा त्यांचा स्वतःचा नियम. गेलेल्या माणसाच्या स्मरणार्थ देवळाला समई देणारे, तेराव्याला तांबे वाटणारे लोक यायचे. अण्णा आधी त्यांची विचारपूस करत, माणूस कसा गेला ते ऐकून घेत, मग लिहीत. लग्नाच्या भांड्यांवर 'सप्रेम भेट', तारीख आणि कुणाकडून ते. जुन्या वळणाची मंडळी तिथी आणि शकही घालायला लावायची.

मला आता वाटतं, त्या काळच्या कितीतरी बायकांचं नाव सातबाऱ्यावर नव्हतं, दारावरच्या पाटीवर तर नव्हतंच. भांड्यावर मात्र होतं. रुखवतातल्या भांड्यावर माहेरचं नाव यायचं आणि लग्नात नाव बदललं तरी ते भांडं तसंच राहायचं. आजीच्या पितळी डब्यावर तिचं माहेरचं पूर्ण नाव आहे, वडिलांच्या नावासकट. अण्णांनीच घातलेलं, लग्नानंतर. तांदळाच्या ताटात अंगठीने तिचं नवं नाव लिहिलं त्याच हाताने वर्षभरात हा डबा आणला आणि त्यावर जुनं नाव कोरून दिलं. आजी त्यात पापड ठेवायची. हे तिने मला कौतुकाने सांगितलं ते अण्णा गेल्यावर. ते असताना लाजायची.

1969 चा गोदावरीचा पूर अण्णांच्या बोलण्यात नेहमी यायचा. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. आमच्याकडे पूर मोजतात तो नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या अंगावर. पाणी कमरेला लागलं, छातीला लागलं, असं. त्या वर्षी मारुती पाण्याखाली गेलाच, भांडी बाजार आणि सराफ बाजारातही पाणी शिरलं. अण्णा हत्यारांची पेटी डोक्यावर घेऊन निघाले. पाणी ओसरल्यावर गंगेकाठच्या घरांतली भांडी चिखलात कुठे कुठे रुतून बसली होती, एकाची दुसऱ्याच्या दारात. अण्णा आणि आजूबाजूची पोरं ती गोळा करून चिंच आणि राखेने घासत बसली. चिखल निघाला की नाव वर यायचं आणि भांडं घरी जायचं. एक म्हातारी आपली कळशी सापडली म्हणून भर रस्त्यात तिच्यावरचं नाव बोटाने चाचपत उभी होती, वाचता येत नसताना. हे सांगताना अण्णांचा आवाज दर वेळी बसायचा. केलेल्या कामाचा मोबदला आपल्याला त्या दिवशी मिळाला, असं ते म्हणायचे.

मग स्टील आलं. स्टीलचा पत्रा कडक, छिन्नी घसरायची. विजेवर गुणगुणणारं यंत्र आलं, पेनासारखं धरून लिहायचं. अण्णांनी तेही शिकून घेतलं, कारण घर चालवायचं होतं. पण पितळेला यंत्र लावलं नाही, शेवटपर्यंत.

त्यांचं स्वतःचं नाव आमच्या घरात एकाही भांड्यावर नाही. आज आईने आणि मी माळ्यावरचं सगळं उतरवून पाहिलं. आजीचं आहे, आत्यांची आहेत, माझ्या बारशाच्या वाटीवर माझं आहे. अण्णा गेले तेव्हा तेराव्याला वाटायला तांबे आणले होते. बाबा म्हणाले, यंत्र नको, आणि अण्णांचीच छिन्नी घेऊन बसले. 'कै.' लिहून झालं. पुढे त्यांचा हात चालेना. बाकीचे तांबे तसेच वाटले आणि तो एक घरी ठेवला. बाबांना तो दिसू नये म्हणून आई मागच्या रांगेत ठेवते.

गेल्या आठवड्यात गंगापूर रोडला एका ओळखीच्यांकडे गेलो होतो. नव्या फ्लॅटमध्ये राहायला जायचं म्हणून जुनी भांडी मोडीत काढायला बाजूला केली होती. त्यांत एक काळा पडलेला हंडा होता. गळ्याजवळ अक्षरं दिसली आणि मी खाली बसलो. अण्णांचा 'ल' मला कुठेही ओळखू येतो, त्याची गाठ ते जरा मोठी घ्यायचे. मी म्हटलं, मोडीच्या भावाने मला द्या. मग सगळ्यांनी मिळून तो खिडकीशी नेऊन वाचला. त्यांच्या पणजीचं माहेरचं नाव होतं. घरात कुणालाच ते माहीत नव्हतं. फोटोमागेही नुसतं 'माई' लिहिलेलं.

हंडा आता त्यांच्याकडेच राहणार आहे, आणि मला त्याचा आनंद आहे. चिंच-मीठ लावून घासा, अक्षरांत बसलेला काळा थर दात घासायच्या जुन्या ब्रशने हळूहळू निघेल, तारेची घासणी मात्र लावू नका, एवढं सांगून आलो.