ताईने पाठवलेला फोटो

रविवार, रात्र

ताईने देवासहून पाठवलेल्या डब्यात काल आईचा एक फोटो निघाला आणि तेव्हापासून माझे मन थाऱ्यावर नाही. फोटो चौकोनी, तळहातात मावेल एवढा, बाबांच्या आगफा क्लिक-३ ने काढलेला आहे. मागच्या बाजूला त्यांच्याच अक्षरात लिहिले आहे, 'ॲव्हरो. इंदूर ते मुंबई. मे १९७३.' आई विमानाजवळ उभी आहे, तिच्या हातात वेताची टोपली आहे आणि मी तिच्या पदराआड अर्धा लपलो आहे. भिंगाखाली धरल्यावर दिसले की आईच्या कपाळापासून कमरेपर्यंत सावली पडली आहे, आणि ती विमानाच्या पंखाची आहे. ॲव्हरोचा पंख केबिनच्या तळाशी, खिडक्यांच्या खाली असतो. डोक्यावरून गेलेला पंख आणि त्याच्या खाली ओथंबलेले इंजिन, हे रूप हॉलंडच्या फोकर फ्रेंडशिप विमानाचे आहे.

चाळीस वर्षे मी जुन्या विमानांचे फोटो जमवतो आहे. नुसती शेपटी दिसली तरी डाकोटा की व्हायकाउंट हे मी सांगू शकतो, कॅराव्हेल तिच्या त्रिकोणी खिडक्यांवरून ओळखतो, आणि ज्या विमानात मी पहिल्यांदा बसलो तेच मला चुकीचे ठाऊक होते. कपाटात बाराशेहून अधिक फोटो आहेत. काल रात्री त्यांतला एकही उघडून पाहावासा वाटला नाही. इतकी वर्षे मी नेमके काय जपत होतो, असा प्रश्न पडला आणि तो आजही पुरता गेलेला नाही.

विमान चुकले याचे दुःख तसे लहान आहे. बाबा चुकले, हे मला सोसत नाही. नवरात्रात इंदूरच्या विमानतळाजवळ बिजासनच्या टेकडीवर देवीचे दर्शन झाले की ते मला विमानतळाकडे तोंड करून उभे करत आणि होळकर संस्थानाने १९३५ साली हा विमानतळ उभारायचे कसे ठरवले, ते सांगत. विमान उतरू लागले की त्यांचा हात माझ्या खांद्यावर येई आणि ते म्हणत, "ॲव्हरो. आपलं विमान आहे हे, कानपुरात घडलेलं." कानपूरच्या कारखान्यातल्या पहिल्या ॲव्हरोने १ नोव्हेंबर १९६१ रोजी उड्डाण केले आणि त्याला 'सुब्रतो' हे नाव दिले होते, हे मी पुढे स्वतः शोधून काढले, ते त्या एका वाक्यापायी. इंडियन एअरलाइन्सच्या ताफ्यात तेव्हा दोन्ही विमाने होती. त्या दिवशी समोर उभे असलेले हॉलंडचे आहे हे बाबांना कळले नाही, की कळूनही, माझा पहिला प्रवास आपल्या विमानातून व्हावा म्हणून त्यांनी तसे लिहून ठेवले? ताईला फोनवर विचारले. ती म्हणाली, "बाबांना काय, उडतं ते सगळं ॲव्हरोच." मग ती घराच्या व्यवहाराविषयी बोलू लागली, त्याबद्दल आज लिहीत नाही.

आज दुपारी मात्र एक गोष्ट आठवली आणि मी बराच वेळ तसाच बसून राहिलो. लहानपणी मी सगळ्यांना सांगत असे की विमान उठल्यावर मी खिडकीतून चाक पाहिले, ते हळूहळू दुमडले आणि इंजिनाच्या पोटात गेले. पुढे कॉलेजात एका जाणकाराने मला समजावले की ॲव्हरोच्या खिडकीतून चाक दिसणे शक्यच नाही, ते पंखाच्या खाली झाकलेले असते. त्याचे बरोबर होते. तेव्हापासून मी चाकाची गोष्ट सांगणे बंद केले आणि ती आपणच रचली असावी असे मानून चाललो. फोकरमध्ये पंख वर असतो, खिडकीखाली मोकळे आकाश असते आणि चाकाचा लांब पाय अगदी डोळ्यांसमोर दुमडतो. म्हणजे मी ते पाहिले होते. दहा वर्षांच्या त्या मुलाला मी इतकी वर्षे खोटे पाडले होते.

आणि ती तीक्ष्ण शीळ, जी ऐकली की मला आजही बाबांच्या हाताचे वजन खांद्यावर जाणवते, ती तर दोन्ही विमानांची एकच. दोघांचीही इंजिने रोल्स-रॉइसची डार्ट. टेकडीवरून डोळे मिटून ऐकणाऱ्या माणसाला तिच्यावरून ॲव्हरो आणि फोकर वेगळे करता आले नसते. बाबा डोळे मिटूनच ऐकत असत.

फोटोच्या मागची ओळ मी तशीच ठेवली आहे. प्रवासांची वही तेवढी काढली आणि पहिल्या नोंदीत 'ॲव्हरो' या शब्दाखाली 'फोकर फ्रेंडशिप' असे लिहिले. शेवटचा रकाना शेऱ्याचा आहे, तो तेव्हापासून कोरा होता. तिथे लिहिले : 'चाक दिसले.'