तुम्ही विचारलंत म्हणून: विद्यापीठात बसून कसलं बिग डेटा?

‘खरा डेटा कंपन्यांकडे, हजारो मशिन्सही त्यांच्याकडेच. मग विद्यापीठात बसून तुम्ही कसलं बिग डेटाचं संशोधन करता?’ नातेवाईक विचारतात, पालक विचारतात, पीएचडीच्या मुलाखतीला आलेली मुलंसुद्धा विचारतात.

पूर्वी माझं उत्तर तयार असायचं: स्पार्क, म्हणजे प्रचंड डेटावरचं काम अनेक मशिन्सवर वाटून करणारी प्रणाली. २००९ साली अमेरिकेतल्या बर्कलीत, विद्यापीठातच सुरू झाली. ऐकणारा गप्प व्हायचा. त्या वेळच्या मला आज मीच अडवेन. त्याआधीच्या मॅपरिड्यूस या तशाच पद्धतीचा २००४चा पेपर गूगलचा होता, आणि बर्कलीच्या त्या संशोधनामागेही बड्या कंपन्यांचा पैसा होता. एका स्पार्कवर सगळ्या विद्यापीठांनी किती वर्षं मिरवायचं?

माझा एक विद्यार्थी स्क्यूवर, म्हणजे डेटाच्या असमान वाटणीवर, काम करत होता. दोन मोठी टेबलं जोडताना नोंदी ज्या मूल्यावरून जुळवतात, ती ‘की’. अनेकदा बहुतेक नोंदी मोजक्याच कीजच्या वाट्याला येतात. त्या एकेका मशिनवर जाऊन कोसळतात, बाकीची मशिन्स काम आटपून बसून राहतात आणि जॉब, म्हणजे ते अख्खं काम, ९९ टक्क्यांवर अडकतो. मशिनच हळू असेल तर तेच काम दुसरीकडे पुन्हा सुरू करता येतं. इथे त्याचा उपयोग नाही, बोजा तेवढाच राहतो. अशी जड ‘की’ मात्र फोडून अनेक मशिन्सवर वाटता येते. पण कोणती फोडायची, हे जॉब सुरू होण्याआधी थोडासा नमुना बघून सांगता येईल का, हा त्याचा प्रश्न.

पेपर परत आला. एका समीक्षकाचा शेरा: एवढ्याशा क्लस्टरवर (जोडलेल्या मशिन्सच्या गटावर) काय सिद्ध होतं? सुधारून पाठवला, पुन्हा तोच सूर. मग एका कंपनीने बोलावलं आणि तो पीएचडी अर्धवट टाकून गेला. पुढे एका परिषदेत भेटला, खुशीत होता. ‘मॅडम, ते सुटलं. खऱ्या डेटावर चालतंय.’

‘कसं?’

तो ओशाळला. ‘नाही सांगता येणार, मॅडम. करारात आहे.’

फळ्यावर ज्याची पहिली आकृती आम्ही दोघांनी मिळून काढली, त्याचं उत्तर मला कळणार नव्हतं. त्याच्यावर राग नव्हता. बरं, थोडा होता.

म्हणूनच विद्यापीठ हवं, इथे सुटलेलं सगळ्यांना कळतं, असं ठणकावून सांगावंसं वाटतं. पण आमचंही बघा: डेटा आम्हीच तयार करतो, झिफच्या नियमाने (मोजक्या गोष्टी फार वेळा, बाकीच्या क्वचित) त्यात स्क्यू आम्हीच घालतो आणि तो सापडला म्हणून पेपर लिहितो.

लहान क्लस्टरवरून हिणवणाऱ्यांना मी २०१५चा एक पेपर दाखवते. ग्राफवरच्या, म्हणजे एकमेकांशी जोडलेल्या गोष्टींच्या जाळ्यावरच्या, काही कामांत, १२८ कोअर (प्रोसेसरमधले गणन करणारे भाग) वापरणाऱ्या नावाजलेल्या प्रणालींपैकी काहींना लॅपटॉपवरच्या एका थ्रेडच्या, म्हणजे काम न वाटता एकाच ओळीत करणाऱ्या, प्रोग्रामने मागे टाकलं होतं. तो लिहिणारेही प्राध्यापक नव्हते, हे तुम्ही विचारायच्या आत सांगून टाकते.

प्रश्न तोच आहे, विद्यार्थिनी नवी. तिच्यासाठी एका कंपनीकडे नावं पुसलेला डेटा मागितलाय. त्यांनी कराराचा मसुदा पाठवला. प्रसिद्ध करण्याआधी पेपर त्यांना दाखवायचा, अशी अट आहे. सही करायची की नाही, अजून ठरत नाही.