निहोन्बाशीचं योशिनो-झुशी: जिथं 'तोरो'चं बारसं झालं

तोक्यो स्टेशनच्या याएसु बाजूनं बाहेर पडून ताकाशिमाया या मोठ्या दुकानाच्या इमारतीची खूण धरायची आणि जवळच्या गल्ल्यांत शिरायचं. चालत दहाएक मिनिटं. दारावरचा कापडी पडदा, म्हणजे नोरेन, बाहेर टांगलेला दिसला की दुकान उघडं समजायचं. हा कचेऱ्यांचा भाग आहे. दुपारी बाराला सगळे एकदमच जेवायला उतरतात, म्हणून साडेअकराला जावं. रविवारी इथली बरीच जुनी दुकानं बंद असतात, तेव्हा वार आधी पाहून घ्यावा.

योशिनो-झुशी हे सुशीचं दुकान १८७९ साली हातगाडीवर सुरू झालं. जागा अचूक होती, कारण तोक्योचा मासळीबाजार तेव्हा इथेच, निहोन्बाशी नदीच्या काठी भरायचा. १९२३च्या भूकंपानंतर तो त्सुकिजीला गेला आणि २०१८मध्ये तोयोसुला. दुकान मात्र याच भागात राहिलं.

बाजार जवळ असला तरी फ्रीज नव्हता. त्यामुळे ट्यूनाचा लाल भाग सोया सॉसमध्ये मुरवून ठेवत. पोटाकडच्या चरबीच्या भागात सोया मुरत नाही आणि तो लवकर खराब होतो. त्याला 'आबु' म्हणायचे, म्हणजे नुसती 'चरबी', आणि किंमत जवळपास शून्य. तैशो काळात (१९१२–१९२६) या दुकानात तो स्वस्तात मिळायचा. तोंडात विरघळतो म्हणून एका गिऱ्हाइकानं त्याला 'तोरो' म्हटलं, असं दुकानात सांगतात. जपानीत 'तोरोकेरु' म्हणजे विरघळणं. आज सुशीतल्या सगळ्यात महागड्या घासांपैकी तो एक. फेकून देण्याच्या मालाचं असं भाग्य क्वचितच उजळतं!

तरीही सुरुवात तोरोनं करू नये, असं माझं ठाम मत. आधी कोहादा मागवावा. तारलीच्या कुळातला हा छोटा मासा ७ ते १० सेंटीमीटरचा असताना कोहादा. त्याहून लहान तो शिन्को, १५ सेंटीमीटरच्या पुढे गेला की कोनोशिरो. पोटातून उघडून, काटा काढून त्याला मीठ लावतात. मग धुऊन व्हिनेगरमध्ये ठेवतात. किती वेळ, हे घड्याळावर ठरत नाही. माशाचा आकार, चरबी आणि हवा पाहून ठरतं. मीठ कमी पडलं तर पाणी सुटत नाही आणि वास राहतो. जास्त झालं तर मांस सुकतं, चामट लागतं. कारागिराचा हात कसा आहे ते या एका घासात कळतं. तोरोत नाही कळत, तिथं मासाच बरंचसं काम करून जातो.

भातात इथं साखर घालत नाहीत, फक्त व्हिनेगर आणि मीठ. गोडसर भाताची सवय दुसऱ्या महायुद्धानंतर पसरली. साखर पाणी धरून ठेवते, म्हणून तसा भात उशिरा कडक होतो. बिनसाखरेचा भात लवकर कडक होतो, फ्रीजमध्ये तर आणखीच. म्हणून पुढ्यात आलेला घास लगेच खायचा. फोटो काढत बसायचं नाही.

'एका माणसाची' सुशी मागवली की साधारण दहा घास येतात, त्यामागेही इतिहास आहे. १९४७ साली तांदूळटंचाईत उपाहारगृहांवर बंदी आली. तेव्हा सुशीवाल्यांनी पळवाट काढली: गिऱ्हाइकानं एक गो, म्हणजे साधारण १५० ग्रॅम तांदूळ आणायचे, मजुरी द्यायची आणि गुंडाळलेल्या सुशीसकट दहा नग घेऊन जायचे. विक्री नव्हे, नुसतं बनवून देणं! तेवढ्या तांदळाचा भात होतो सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे नगाला तीसेक ग्रॅम. हल्लीच्या महागड्या काउंटरवर त्याच्या निम्माही भात नसतो.

शेवटी कानप्योची गुंडाळी मागवावी. दुधीभोपळ्याच्या वाळवलेल्या पट्ट्या सोया आणि साखरेत शिजवलेल्या असतात. भातात नसलेली साखर इथं भेटते.