एकच पुस्तक, तीन लेखक

आमच्या ग्रंथालयाला आलेल्या देणगीच्या खोक्यातल्या एकोणीस पुस्तकांपैकी पंधरांचं कॅटलॉगिंग जेवायच्या सुट्टीआधी उरकलं. मागे चार राहिली. त्यांतल्या तिघांनी दुपार खाल्ली : एक इंग्रजी, एक फ्रेंच, एक अरबी. बाहेरून तयार नोंदी उतरवून घेतल्यावर पडद्यावर तीन लेखक आले. एकाचं आडनाव 'सीएच'ने सुरू होणारं, दुसऱ्याचं 'एसएच'ने, आणि तिसरा पुन्हा 'सीएच'वालाच, पण जन्मवर्षाशिवाय. कोहा या आमच्या ग्रंथालय-सॉफ्टवेअरच्या लेखी ती तीन माणसं होती.

माणूस एकच, आणि पुस्तकही एकच, त्याचं आत्मचरित्र तीन भाषांत. मोरोक्कोचा मुहम्मद शुक्री, जन्म १९३५, मृत्यू २००३. अरबीतलं 'शीन' हे अक्षर रोमन लिपीत आणताना मोरोक्कोत फ्रेंच वळण पाळतात, कारण १९१२ ते १९५६ तिथे फ्रेंचांचा अंमल होता. फ्रेंचमध्ये 'सीएच' म्हणजे 'श'. शुक्रीचा रीफ डोंगराळ भाग मात्र स्पॅनिश अंमलाखाली होता, आणि दुष्काळात त्याचं कुटुंब ज्या टँजिअरला गेलं ते शहर आंतरराष्ट्रीय कारभाराखाली. घरची भाषा रीफी, म्हणजे अमाझिग (बर्बर) कुळातली. अरबी त्याला शहरात ऐकून आली आणि लिहिता-वाचता आली ती विशीत, लाराशच्या शाळेत. पुढे तो स्वतःच शिक्षक झाला.

एवढं कळल्यावर अधिकृत नावाची एक नोंद उघडली. मुख्य रूप 'सीएच'वालं ठेवलं, कारण पाश्चात्त्य आवृत्त्यांवर तेच छापलेलं आहे. नोंदीत प्रत्येक माहितीला क्रमांकाचं एक क्षेत्र, म्हणजे कप्पा, असतो. बाकीची रूपं ४०० क्षेत्रात घातली, देवनागरी 'शुक्री' आणि अरबी लिपीतलं नावही. हे न केल्यास काय होतं ते रोज दिसतं : वाचक एका रूपाने शोधतो, एक प्रत सापडते, बाकीच्या दोन मांडणीवर धूळ खात राहतात.

खरा पेच पुढे होता. इंग्रजी प्रतीच्या मागच्या पानावर 'अरबीतून अनुवाद' असं, आणि पहिल्या प्रकाशनाचं वर्ष १९७३. फ्रेंच अनुवाद १९८०चा. आणि मूळ अरबी? १९८२चं. मूळ पुस्तक अनुवादाच्या नऊ वर्षांनंतरचं, हे वाचून आमच्या नव्या सहकाऱ्याने सरळ अरबी नोंदीतच 'अनुवाद' अशी खूण केली होती. वर्षांचा क्रम पाहून कुणीही केली असती. पण ती राहिली असती तर ज्या माणसाने विशीत अक्षरं गिरवली, त्याचं स्वतःच्या हातचं अरबी आमच्या कॅटलॉगमध्ये परक्याच्या पुस्तकाचं भाषांतर ठरलं असतं. मला ते सहन होण्यासारखं नव्हतं.

क्रम उलटा का, हे इंग्रजी अनुवादक पॉल बोल्सच्या प्रस्तावनेवरून उमगतं. बोल्स कित्येक वर्षं टँजिअरलाच राहत होता. त्याला बोलीतली मोरोक्कन अरबी येई, ग्रांथिक अरबी वाचता येत नसे. शुक्रीने मजकूर आधी बोलीत उतरवून सांगायचा, अर्थाच्या बारीक छटांसाठी दोघांनी स्पॅनिश आणि फ्रेंचचा आधार घ्यायचा, असं ते काम अरबी पुस्तक छापून येण्याआधीच चाललं. फ्रेंच अनुवाद ताहर बेन जेल्लूनने केला, तोही मोरोक्कनच. १९८२ला अरबी पुस्तक निघालं आणि १९८३मध्ये मोरोक्कोत त्यावर बंदी आली. ती २०००पर्यंत टिकली. भूक, बापाच्या हातून धाकट्या भावाचा जीव जाणं, रस्त्यावरचं आणि वेश्यावस्तीतलं जगणं, यातलं काहीही त्याने झाकलेलं नाही.

म्हणून ०४१ क्षेत्रात इंग्रजी प्रतीला मजकुराची भाषा इंग्रजी, मूळ भाषा अरबी. मधल्या भाषेसाठी 'के' उपक्षेत्र असतं, तिथे स्पॅनिश टाकावी का, यावर अर्धा तास गेला. टाकली नाही. ते उपक्षेत्र मधल्या अनुवादाच्या भाषेसाठी आहे. तोंडी सांगितलेलं म्हणजे दुसरा एखादा अनुवाद हाती असणं नव्हे. ती हकीकत ५०० क्षेत्रात टीप म्हणून लिहिली, तिन्ही प्रकाशनवर्षांसकट.

मग शीर्षक. अरबी नाव 'अल्-खुब्ज अल्-हाफी'. 'हाफी' म्हणजे अनवाणी. भाकरीला हे विशेषण लागलं की अर्थ होतो कोरड्यास काही नसलेली, नुसती भाकर. फ्रेंचने 'उघडी भाकर' म्हटलं, ते शब्दाच्या जवळ आहे. इंग्रजी नाव मात्र 'केवळ भाकरीसाठी' अशा अर्थाचं, आणि त्यातून 'माणूस केवळ भाकरीने जगत नाही' हे बायबलमधलं वचन कानात वाजतं, जे अरबी नावात नाही. तीन नावं तीन दिशांना जातात, म्हणूनच २४० क्षेत्रात समान शीर्षक हवं. तिथे अरबी नाव घातलं, तिन्ही नोंदी त्याखाली एकत्र आल्या. ७००मध्ये अनुवादक, आणि ७६५मधून अरबी नोंदीकडे दुवा. देवनागरीत शोधणाऱ्यासाठी २४६मध्ये 'नुसती भाकर' जोडलं. हे माझं भाषांतर असल्याने तशी टीपही लिहिली.

विषयानुसार पुस्तकाची जागा ठरवणाऱ्या वर्गांकाला मला वाटलं होतं तेवढा वेळ लागला नाही. अरबी आवृत्तीचं उपशीर्षक 'सीरा जातिया रिवाइया', म्हणजे कादंबरीरूप आत्मचरित्र. सहकाऱ्याने चरित्राचा ९२० सुचवला. पण ड्यूई पद्धतीत साहित्यिकाचं आत्मचरित्र त्याच्या साहित्याजवळच ठेवता येतं, त्यामुळे कादंबरी धरा वा आत्मचरित्र, अरबी कथासाहित्याचा ८९२.७३६ हाच अंक निघतो. आपल्याकडे दलित लेखकांच्या अशा पुस्तकांना 'आत्मकथन' हा नेमका शब्द रुळला आहे. विषयशीर्षकात मी तोच घेतला.

साडेपाचला तपासलं : 'शुक्री' टंकल्यावर तिन्ही प्रती एकाखाली एक आल्या. मग खोक्यातलं चौथं पुस्तक घेतलं, अरबी, नाव 'अश्शुत्तार', लेखक तोच. कॅटलॉगमध्ये त्याचं १९९२चं 'जमन अल्-अख्ता' आधीपासून आहे, म्हणून मी याला नवं पुस्तक समजून नोंद सुरू केली. पहिली चार पानं दोन्हीकडे ताडून पाहिली. शब्द न् शब्द तोच.