काचेवरचं हिरवं, पानांवरचं काळं

२३ मार्च २०२५, रविवार

आज पुन्हा माशांच्या टाकीची शेवाळलेली काच खरवडली. बंद पडलेलं एटीएम कार्ड या कामाला फार छान. पाण्यात हिरवी भुकटी उडते, मासे तिला खाऊ समजून धावतात, तोंडात घेऊन थुंकतात. दोन दिवसांत काच पुन्हा पूर्वीसारखी.

टाकी छोटी आहे, दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. हिशोबाने ५६ लिटर, पण माती-दगड वजा केले की पंचेचाळीसच्या आसपास पाणी. आत आठ टेट्रा मासे, आणि पाणवनस्पती: मागे रोटाला, पुढे क्रिप्टोकोरीन, लाकडाला बांधलेली अनुबियस. दिवाळीत लावली तेव्हा पहिले दोन महिने दगडांवर तपकिरी थर यायचा, तो आपोआप गेला. नव्या टाकीत डायटम, म्हणजे हे तपकिरी सूक्ष्म शेवाळ, येतंच, त्याचं काही वाटलं नव्हतं. हिरवंही खपवून घेतलं असतं. पण आता अनुबियसच्या पानांच्या कडेला काळे झुपके आलेत, दोन दिवस दाढी न केल्यासारखे. बोटाने ओढले तर पान फाटतं, झुपका सुटत नाही.

३० मार्च, रविवार, पाडवा

गुढी उभारली, श्रीखंड झालं, आणि दुपारी सगळे पेंगले तेव्हा एक प्रयोग केला. काळं झालेलं एक पान कापून वाटीत स्पिरिटमध्ये बुडवून ठेवलं. संध्याकाळपर्यंत पानाचा हिरवा रंग स्पिरिटमध्ये उतरला आणि झुपके लालसर दिसू लागले! म्हणजे हे वर्गवारीने लाल शेवाळ. याचे बहुतेक भाऊबंद समुद्रात असतात, हे थोडे गोड्या पाण्यातले.

बाबा चष्मा वर करून वाटीत बघत म्हणाले, "अगं, पाडव्याला कोणी शेवाळ शिजवतं का?"

६ एप्रिल, रविवार

नेहमीच्या दुकानात गेले. दुकानदाराचं उत्तर तयार होतं, "सकर घेऊन जा ताई, सगळं चाटून साफ करतो." तीन इंची, गोंडस, पन्नास रुपयांना. हाच मासा वाढून दीड फुटाचा होतो, माझ्या टाकीत त्याला वळताही येणार नाही. काळ्या झुपक्यांना तो तोंड लावत नाही, आणि घाण मात्र आठ टेट्रांपेक्षा जास्त करतो. मग लोक कंटाळून त्याला तळ्यात सोडतात. पूर्व कोलकात्याच्या पाणथळ भागातले मासेमार या पाहुण्याने वैतागलेत. मी दहा चेरी झिंगे घेतले. खरे शेवाळखाऊ ते अमानो झिंगे. ताकाशी अमानो या जपानी छायाचित्रकाराने त्यांना टाकीत आणून प्रसिद्ध केलं. पण त्यांच्या पिल्लांना खारट पाणी लागतं, घरच्या टाकीत ती जगत नाहीत, म्हणून महाग. माझ्या खिशाला चेरी.

घरी येऊन एका दमात सगळं केलं. निम्मं पाणी बदललं, खत बंद केलं, आणि फिल्टर थांबवून झुपक्यांवर सिरिंजने हायड्रोजन पेरॉक्साइड सोडलं. परदेशी लोक जे प्रमाण सांगतात ते ३ टक्क्यांच्या बाटलीचं असतं, आपल्याकडे औषधाच्या दुकानात मिळते ती ६ टक्क्यांची. हे वेळेवर लक्षात आलं म्हणून झिंगे वाचले. सगळी मिळून ५ मिली, त्याहून जास्त नाही. पानांवरून बुडबुडे उठले. दहा मिनिटांनी फिल्टर चालू.

९ एप्रिल

झुपके गुलाबी! मेलेल्या शेवाळावर झिंगे तुटून पडलेत.

११ एप्रिल, शुक्रवार

काळ्याचं जमलं तर हिरव्याने उचल खाल्ली. रोटालाच्या शेंड्यांना केसांसारखे लांब हिरवे धागे गुंडाळलेत. जुन्या टूथब्रशवर शेवयांसारखे गुंडाळून काढले, वाटीभर निघाले. उरलेल्यांवर उपाय काळोखाचा. तीन दिवस दिवा बंद, टाकीवर जाड चादर, खाणं बंद. झाडं तेवढं सोसतात, धागे सोसत नाहीत. मासे तीन दिवस उपाशी राहिले तर काही होत नाही, हे बाबांना चारदा सांगितलं.

१२ एप्रिल

बाबा चिडचिडे झालेत. "कधी काढणार ती चादर?" सकाळी एकदा, रात्री एकदा. माशांचा इतका लळा लागला असेल असं वाटलं नव्हतं.

१४ एप्रिल, सोमवार

सुट्टी. चादर काढली. धागे फिके पडून तळाशी बसले होते, नळीने ओढून घेतले. निम्मं पाणी बदललं. नळाचं पाणी आदल्या रात्रीच बादलीत भरून क्लोरीन घालवणारे हायपोचे खडे टाकून ठेवलं होतं.

खत बंद करणं मात्र चुकलं. रोटालाची नवी पानं पिवळट, जुन्यांना भोकं, आणि काचेवर हिरवे टणक ठिपके आलेत. हे ठिपके फॉस्फेट कमी पडलं की येतात. मी शेवाळाला उपाशी मारायला निघाले होते आणि मेली झाडं. शेवाळाला कणभर पुरतं, पोटभर लागतं ते झाडांना. आजपासून खत पुन्हा सुरू, अर्ध्या मात्रेने.

२७ एप्रिल, रविवार

काळे झुपके परत आले. तेही नव्या पानावर.

आता काय राहिलं? खाणं मोजून, चिमूटभर. पाणी दर रविवारी बदलतेच. बाहेर ऊन चाळिशीला टेकलंय, टाकीचं पाणी ३१ अंशांवर, म्हणून वर छोटा पंखा लावलाय. तापलेल्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड कमी विरघळतो. झाडांचं अन्न कमी आणि उजेड तोच, म्हणजे जास्तीचा उजेड शेवाळाचा. हे सगळं कळतं, पण माझा उजेड जास्त नाहीच. टायमर दुपारी २ ते रात्री ९ वर लावलाय. सात तास. सात तासांत एवढं?

३ मे, शनिवार

उलगडा झाला. पहाटे पावणेपाचला पाणी प्यायला उठले तर हॉलमध्ये हिरवा उजेड. टाकी लखलखतेय, तिच्याशेजारी खुर्ची ओढून बाबा कालच्या पेपरातलं शब्दकोडं सोडवतायत. टायमरच्या बाजूला एक छोटं बटण असतं, ते दाबलं की वेळ काही असो, दिवा लागतो. मला आजवर त्याची गरज पडली नव्हती.

"बाबा, तुम्ही रोज लावता?"

"रोज. ट्यूब लावली की झडपेतून उजेड तुझ्या खोलीत येतो, तुझी झोपमोड होते. हा दिवा बरा, कोणाला त्रास नाही."

साडेचार ते पावणेसात. मग बटण बंद करून फिरायला जातात, मी सातला उठते. सात आणि सव्वादोन, सव्वानऊ तास. टेट्रा पहाटे साडेचारपासून जागे. आणि चादरीच्या दिवसांतली चिडचिड माशांसाठी नव्हती, कोड्यासाठी होती.

मला हसू आवरेना. बाबांना कळेना की मी टायमरकडे बघून का हसतेय.

४ मे

बाबांसाठी टेबललॅम्प आणला. वाकवता येतो, उजेड फक्त कागदावर पडतो.

७ मे

लॅम्प टीव्हीच्या मागे सापडला. "त्यात मासे नाहीत," म्हणाले.

८ मे, गुरुवार

तह झाला. दिवा पहाटे ५ ते ८ आणि संध्याकाळी साडेसहा ते १०. मिळून साडेसहा तास, मधे टाकीची दुपारची झोप. बाबा अर्धा तास उशिरा उठायचं म्हणतायत. मलाही आता कामावरून आल्यावर टाकी उजळलेली मिळेल, इतके दिवस मी पोचेपर्यंत ती मावळायच्या बेतात असायची. काळी पडलेली पाच पानं देठापासून कापली. जुनं पान पुन्हा स्वच्छ होत नाही, उगाच जीव अडकवायचा नाही. दर रविवारी एकच गोष्ट बदलायची आणि लिहून ठेवायची, असंही ठरवलंय.

२५ मे, रविवार

अनुबियसला दोन नवी पानं, तिसरं अजून गुंडाळलेलं आहे. कडा स्वच्छ. फिल्टरच्या तोंडाशी मात्र काळी किनार अजून आहे, तिथे प्रवाह जोरात असतो आणि या शेवाळाला तो आवडतो. राहू दे तिथे, शोभून दिसते म्हणा हवं तर. खताची मात्रा आज पूर्ण केली. काच आठ दिवसांत एकदाच खरवडली.

एका झिंग्याच्या पोटाखाली अंडी दिसतात. मोजायला गेले तर मादी पळाली.

२७ मे, मंगळवार

काल रात्री पाऊस, आणि पावसाबरोबर वीज गेली. सुमारे पन्नास मिनिटांनी आली. टायमर काट्याचा आहे, वीज गेली की तोही थांबतो. सकाळी चहा घेताना बाबा तक्रारीच्या सुरात म्हणाले, "आज मासे सहाला उठले. मी पाचपासून अंधारात बसून होतो."

"बटण होतं की, बाबा."

"तह झालाय ना," म्हणाले, आणि उभा शब्द चार अक्षरी कोणता ते विचारू लागले.