मुटुबाची साल: सोलण्यापेक्षा झाकणं महत्त्वाचं

बुंध्याभोवतीची साल पूर्ण गोल काढली की झाड मरतं. पानांनी तयार केलेलं अन्न आतल्या सालीतूनच खाली उतरतं; ती वाट तुटली की मुळं उपाशी राहतात. तरीही युगांडातले बागांडा कारागीर मुटुबाची साल अशीच गोल काढून तिचं कापड करतात, आणि तेच झाड पुढे कित्येक वर्षं साल देत राहतं.

मुटुबा (फायकस नॅटालेन्सिस) वड-उंबराच्या गोतातला. फांदी रोवली की लागतो. केळीच्या बागेत कुंपणालाही असतो.

साल पावसाळ्यातच काढायची. तेव्हा साल आणि लाकूड यांच्यामधला वाढीचा थर रसरशीत असतो, साल सहज सुटते आणि त्या थराच्या कोवळ्या पेशी लाकडावर राहतात. नवी साल धरते ती त्यांच्यातूनच. कोरड्या दिवसांत ओढलीत तर साल फाटते, वर हा थरही जातो.

आधी वरची खरखरीत साल खरवडतात. मग वर-खाली गोल छेद आणि एक उभी चीर. साल उचकटायला लोखंड नाही, केळीच्या सोपाची पाचर. पातं लाकडात रुतलं तर तिथे वण धरतो आणि पुढच्या सालीत नेमकं तिथेच भोक. उघडा बुंधा लगेच केळीच्या पानांनी गुंडाळतात. माझ्या मते खरं कसब इथे आहे: पेशी उन्हावाऱ्याने सुकल्या तर सगळी मेहनत वाया.

पहिली साल जाडीभरडी निघते, पुढच्या अधिक चांगल्या. ओली साल मऊ करून खाचांच्या लाकडी मोगऱ्यांनी ठोकतात, आधी रुंद खाचांची, शेवटी बारीक. रुंदी कित्येक पट वाढते. काम उघड्या छपराखाली चालतं, कारण साल मध्येच वाळली तर चिरते. तांबूस विटकरी रंग नंतर उन्हात चढतो.

एकोणिसाव्या शतकात अरब व्यापाऱ्यांनी सुती कापड आणलं आणि हे काम मागे पडलं. युनेस्कोने 2005 मध्ये या कलेची दखल घेतली, 2008 मध्ये ती वारसा यादीत आली.

हे वाचून दारच्या वडाला कोयता लावू नका. हस्तकलेला साल हवी तर छाटलेल्या फांद्यांची घ्या, आणि त्याच दिवशी सोला. फांदी वाळली की साल लाकडाला चिकटून बसते.