लाइट नसलेल्या घरात चार रात्री: खाण्याचं प्लॅनिंग आम्ही कसं केलं

आमचं राजापूर तालुक्यातलं घर बाबा गेल्यापासून बंदच होतं. मीटरही दादाने केव्हाच काढायला लावला, कोणी राहतच नाही तर दर महिन्याचं बिल कशाला भरायचं. पण यंदा कौलं परतून घेणं भागच होतं, दोन पावसाळे आत पाणी आलं होतं, म्हणून एप्रिलच्या शेवटी मुलीची परीक्षा संपल्यावर मी, नवरा, मुलगी, आई आणि दादा असे पाच जण चार रात्रींसाठी तिथे राहायला गेलो. शिवाय कौलांच्या कामाला दोन गडी येणार होते, त्यांचं दुपारचं जेवण आमच्याकडे. म्हणजे फ्रिज नाही, मिक्सर नाही, पंखा नाही, आणि दुपारी सात माणसांचं जेवण, तेही एप्रिलच्या उकाड्यात. मला खरं टेन्शन होतं ते खाण्याचंच.

जायच्या आधी दोन आठवडे मी वही घेऊन बसले आणि आपण मुंबईत करतो तसा मेनू लिहायला लागले, एका दिवशी पनीर, एका दिवशी इडली, हिरवी चटणी, मटारचं पाकीट वगैरे. आईने वही बघितली आणि म्हणाली, "अगो, काय न्यायचं ते नंतर लिही, आधी काय कधी संपवायचं ते लिही." मग मी पान उलटलं आणि चार दिवसांचे चार रकाने केले. पहिल्या दिवशी जे सगळ्यात आधी बिघडतं ते: मेथी, कोथिंबीर, टोमॅटोतले पिकलेले. दुसऱ्या दिवशी वांगी, गवार, उरलेले टोमॅटो. तिसऱ्या दिवशी कोबी आणि मोडाची मटकी. चौथ्या दिवशी ज्याला काहीच होत नाही ते, म्हणजे बटाटा, कांदा, न चिरलेला लाल भोपळा, कुळथाचं पीठ, सोडे. भोपळा एकदा चिरला की संपवावा लागतो म्हणून मुद्दाम छोटा घेतला. मटकी मुंबईहून कोरडी नेली, दुसऱ्या दिवशी सकाळी तिथेच भिजवली, रात्री फडक्यात बांधून टांगली आणि तिसऱ्या दिवशी ताजी भाजी तयार, बाजारात न जाता. हा रकान्यांचा हिशोब जमला आणि माझं अर्धं टेन्शन गेलं.

तांदळाचा हिशोब नीट लिहिते कारण नेहमी कोणीतरी विचारतंच. दुपारी सात माणसं, कामाची माणसं असल्याने माणशी शंभर ग्रॅम धरले, म्हणजे सातशे. रात्री पाच जण, भाकरी पण असते म्हणून माणशी पाऊणशे ग्रॅम, म्हणजे पावणेचारशे. दिवसाला साधारण एक किलो ऐंशी ग्रॅमच्या आत. चार दिवसांचे साडेचार किलो नेले आणि पेजेसाठी उकडे तांदूळ एक किलो वेगळे. तुरीची डाळ नेली नाही, ती चुलीवर उघड्या टोपात शिजायला फार वेळ खाते आणि आमच्या कुकरचे दांडे प्लॅस्टिकचे, ते चुलीवर वितळले असते. मूगडाळ आणि मसूर नेली, दोन्ही पटकन शिजतात. भाजणी एक किलो, तांदळाचं पीठ दोन किलो, पोहे, गूळ, मेतकूट, लसणीची सुकी चटणी, कोकमं, सुके बांगडे. आणि वाटणासाठी घरीच सुकं खोबरं, धणे, तीळ, लाल मिरच्या भाजून पाणी न घालता मिक्सरला कोरडं फिरवून घट्ट झाकणाच्या बाटलीत भरलं. त्यात कांदा मुद्दाम घातला नाही, कांदा आला की ओल आली.

चूक झाली ती दुधात. मी एक आइस बॉक्स ऑनलाइन मागवला होता, त्यावर दोन दिवस बर्फ टिकतो असं लिहिलेलं, म्हणून दुधाच्या चार पिशव्या फ्रीझरमध्ये गोठवून त्यात भरल्या आणि रात्रीच्या तुतारी एक्सप्रेसने निघालो. सकाळी राजापूर रोडला उतरलो तेव्हा ठीक होतं, पण तिथून गाव लांब, रिक्षात ऊन, मग घर उघडून झाडझूड करण्यात दुपार झाली आणि बॉक्स कोणी बघितलाच नाही. संध्याकाळी चहासाठी दूध तापवलं ते पहिल्या उकळीलाच फाटलं. दुसरी पिशवी उघडली, तीही तशीच. मुलगी दिवसभर दमलेली, तिला दूधभात हवा होता आणि मला खूप वाईट वाटलं. शेजारच्या काकूंची एक गाय आहे, त्यांनी स्वतःच्या घरातलं अर्धा लिटर आणून दिलं, आणि पुढे रोज सकाळी तेवढं मिळत गेलं. दादा बाजारात गेला तेव्हा दुधाचे २०० मिलीचे छोटे टेट्रा पॅक घेऊन आला. ते बंद असेपर्यंत बाहेर राहतात आणि एका वेळच्या चहात एक संपतो. लिटरचा घेतला असता तर उघडल्यावर उरलेल्याचं काय करणार? फ्रिज नसताना पाकीट किती मोठं आहे यावरच सगळं ठरतं, हे तिखट-मसाल्यांना नाही पण दूध, लोणी, चीज सगळ्याला लागू आहे.

ओल्या फडक्यात गुंडाळून भाज्या गार ठेवायचं मी वाचून गेले होते. माझ्या सासरी, सोलापूरला, ते छान चालतं. कोकणात नाही. हवाच दमट, पाणी उडतच नाही, फडकं तसंच ओलं राहतं आणि दुसऱ्या दिवशी वांग्यांना कुबट वास. मग भाज्या सरळ पडवीत वारा लागेल अशा सुपात पसरल्या आणि ताकाचा घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा कळशीत ठेवून आईने दोरीने विहिरीत सोडला, कळशीचं बूड पाण्याला टेकेल इतका. दुपारी वर काढला तेव्हा डबा हाताला गार लागत होता. आंबेही तसेच, बादलीभर विहिरीच्या पाण्यात.

आणि शिंकं. माळ्यावर जुनं काथ्याचं शिंकं सापडलं, आईने ते धुऊन उन्हात वाळवलं आणि स्वयंपाकघरातल्या वाशाला टांगलं. उरलेली भाकरी, गुळाचा डबा, काकूंच्या दुधाचं पातेलं, सगळं त्यात एकावर एक. मुंग्या दोरीवरून उतरतात म्हणून पूर्वी दोरीला वरच्या बाजूला रॉकेलचं बोट फिरवायचे, असं तिने आठवून सांगितलं, पण रॉकेल कुठे मिळणार, मग हळद आणि तेल कालवून एक पट्टा लावला. मुंग्या त्याच्यावरून आल्या नाहीत, चार दिवसांत एकदाही नाही. रात्री उंदीर खाली खुडबुडत होते तेव्हा मी टॉर्च मारून बघायचे, शिंकं अंधारात स्थिर लोंबत असायचं आणि मला एकदम शांत वाटायचं.

चुलीचं सांगायचं तर पहिल्या दिवशी माझा एक टोप पूर्ण काळा झाला, घासून घासून हात गेले. दुसऱ्या दिवसापासून आईने प्रत्येक भांड्याच्या बुडाला बाहेरून ओल्या राखेचा लेप द्यायला लावला, काजळी त्या लेपावर बसते आणि धुताना लेपाबरोबर निघून जाते. पुढे भात आणि मागे वैलावर, म्हणजे चुलीला जोडलेल्या छोट्या चुलीवर, डाळ, असं एकाच जाळावर दोन्ही होतं. भाताला चांगली उकळी येऊन पाणी आटत आलं की टोप उतरवून गोधडीत गुंडाळायचा, अर्ध्या तासात आपोआप मुरतो, तेवढा वेळ चूल भाकरीला मोकळी.

ओला नारळ आम्ही रोज जेवणापुरताच फोडला. पहिल्या दिवशी दुपारची चटणी संध्याकाळी चाखली तर आंबूस झालेली, तेव्हापासून वाटण प्रत्येक वेळी पाट्यावर ताजं. मुलीने पहिल्यांदाच पाटा-वरवंटा बघितला, दोन दिवसांत ती मिरची-खोबरं असं बारीक वाटायला लागली की माझ्यापेक्षा छान. तिने वाटलेल्या वाटणात ताजे बांगडे केले, तिखलं. माशेवाली सकाळी दारावर आली होती, आठ बांगडे घेतले आणि दुपारीच सगळे संपवले. माशांच्या बाबतीत मी ठाम होते, उरवायचं नाही. भातही तसाच, रात्री मोजून, कारण एवढ्या उकाड्यात बाहेर राहिलेला शिळा भात मुलीला द्यायची माझी तयारी नव्हती. सकाळी त्याऐवजी उकड्या तांदळाची पेज, बरोबर मेतकूट नाहीतर भाजलेला सुका बांगडा. एकदा घावणे आणि नारळाचा रस, पीठ आंबवायची भानगडच नाही.

रात्रीचं जेवण आम्ही साडेसहालाच करायचो, उजेड असेपर्यंत. पहिल्या रात्री टॉर्चवर स्वयंपाक केला तर किडे थेट टोपात येत होते, दुसऱ्या दिवसापासून चूल साडेचारला पेटायची. मग अंधार पडल्यावर पडवीत बसून आई बाबांच्या लहानपणीचं सांगायची, हेच घर, हीच चूल, घरात अकरा माणसं.

सोमवारी सकाळी निघताना वही काढली आणि मागच्या पानावर पुढच्या वर्षीसाठी लिहून ठेवलं. तांदूळ अर्धा किलो उरले, साडेचारऐवजी चार पुरे. भाजणी कमी पडली, दीड किलो न्यायची. मीठ जास्त न्यायचं, राखेच्या हातांनी बरंच सांडलं. दूध फक्त छोटे टेट्रा पॅक. आइस बॉक्स नाही. काडेपेट्या तीन, आणि त्या तांदळाच्या डब्यात ठेवायच्या, नाहीतर दमटपणाने पेटत नाहीत. आईने वही माझ्या हातातून घेतली, चष्मा लावून वाचली आणि खाली तिच्या अक्षरात एक ओळ लिहिली: शिंक्याला नवीन दोरी.